चेहरा जुळत नाही

माझा दीर फेर्मिन याचा एक हट्ट आहे. फोनला काहीही होवो, दोष काचेचा. आवाज नीट येत नाही? काचेला चरा पडलाय, तिथून धूळ आत गेली. बॅटरी टिकत नाही? मळक्या काचेतून दिसावं म्हणून उजेड वाढवून ठेवता, मग टिकेल कशी? एकदा एक माणूस सांगत आला की बायको दोन दिवस फोन उचलत नाही, तर यानं त्याचाही फोन आधी हातात घेऊन पुसून काढला. आमच्या बोळात सगळे त्याला हसतात. मीही हसते. पण काचेचं काम त्याच्यासारखं तिहुआनात कुणी करत नाही, हेही मीच सांगते.

बोळ आमचा बसथांब्याच्या मागं आहे. तोंडाशी चाबेलाचं केसांचं दुकान, विग, वेण्या, भुवया, सगळं. मग मी. माझ्याकडे फोनची कव्हरं, चार्जर, काचेवर चिकटवायच्या पातळ काचा. माझ्या टेबलाला टेबल लावून फेर्मिन बसतो. नवरा गेल्यावर गाळा सोडून द्यावा असं सगळ्यांनी सांगितलं, तेव्हा फेर्मिन म्हणाला, "वहिनी, अर्धा मला द्या, अर्ध्यात तुम्ही भांडत बसा." तेव्हापासून आम्ही शेजारी बसून भांडतो.

चरा काढणं म्हणजे जादूटोणा नव्हे. चऱ्याच्या आजूबाजूची काच हळूहळू इतकी उतरवायची की चऱ्याला राहायला जागाच उरू नये. फेर्मिन आधी नख फिरवतो. नख अडकलं की तो फोन परत देतो, "ताई, ही काच बदला, माझ्या हातात काही नाही." नाही अडकलं की बाह्या वर करतो. मग सगळ्या भोकांवर चिकटपट्टी, म्हणजे पाणी आत जाणार नाही. मग वाटीतली गुलाबी पूड पाण्यात कालवायची, बोटानं काचेवर पसरायची आणि छोट्या ड्रिलला लावलेल्या मऊ लोकरी नमद्याच्या चकतीनं घासत राहायचं. मधेमधे पाण्याचे शिंतोडे. मधेमधे फोन गालाला लावून बघायचं, तापला तर नाही ना. तापलेली काच तडकते. एका फोनला दोन दोन तास जातात. नव्या पोरांना एवढा धीर कुठला? ते म्हणतात, काच बदला, पाच मिनिटांत मोकळे व्हा.

त्या काळात आमच्या या मेक्सिकोच्या सीमेवरच्या गावात गर्दी असायची ती पलीकडे अमेरिकेत जाणाऱ्यांची. होंडुरास, हैती, वेनेझुएला, कुठून कुठून आलेली माणसं. भिंतीच्या पलीकडे जायची पाळी तेव्हा फोनवर लागायची. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये नाव घालायचं, स्वतःचा फोटो द्यायचा आणि सोडतीची वाट बघायची. महिने जायचे. पाळी लागली की एका दिवसाच्या आत पुन्हा फोनसमोर चेहरा धरायचा. नाव घालतानाच्या फोटोशी तो जुळला की पाळी पक्की. नाही जुळला की पाळी गेली, दुसऱ्या कुणाला तरी लागली. आता सांगा, महिनोन् महिने ट्रकच्या टपावर, वाळूत, सिमेंटच्या पोत्यांत वागवलेल्या फोनचा पुढचा कॅमेरा काय धड दाखवणार? म्हणून ती माणसं फेर्मिनकडे यायची. तो कॅमेऱ्यावरची काच घासून द्यायचा आणि त्यांचे चेहरे जुळायचे. कुणी त्याचा हात हातात घेऊन रडायचं, कुणी दुसऱ्या दिवशी केळीचे वडे आणून द्यायचं. तेव्हापासून तर त्याची कॉलर फारच ताठ झाली.

नोल्विया आली ती एका मंगळवारी सकाळी. आम्ही नुकतीच ताडपत्री वर केली होती.

"दोन्या, चरे काढणारे ते इथंच का?" तिनं मला विचारलं. दोन्या म्हणजे बाई; वडीलधाऱ्या परक्या बाईला आमच्याकडे असंच म्हणतात.

"इथंच. हे काय, समोर बसलेत. कॉफी पिऊन होईपर्यंत मात्र ते कुणाचे नाहीत."

तिनं पिशवीतून मोजा काढला आणि मोज्यातून फोन. मी तिच्याकडे बघितलं. चाळिशीची असेल असं वाटलं. कानाजवळचे केस पिकलेले, गाल आत गेलेले, बोलताना हात तोंडासमोर धरायची सवय. अशा बायका मी रोज बघते. वाईट वाटतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला कव्हर दाखवायला वळते, खोटं कशाला सांगू.

फेर्मिननं फोन उजेडात धरला आणि कॉफीचा पेला खाली ठेवला.

"हे कुणी केलं?"

काच दुधासारखी झाली होती. चरे होतेच, पण त्यांच्यावर आणखी कुणीतरी बारीक बारीक ओरबाडून ठेवल्यासारखं.

"मीच," ती म्हणाली. "आम्ही राहतो त्या निवाऱ्यातल्या बायका म्हणाल्या टूथपेस्ट लाव. त्यानं गेलं नाही म्हणून खायचा सोडा लावला. मग एकीनं कोळशाची टूथपेस्ट दिली."

"लिंबू-मीठ राहिलं का? तेही लावायचं, म्हणजे तळून खाता आला असता."

"भाऊजी," मी म्हटलं.

"नाही वहिनी, बोलू द्या मला. रोज एक येतं असं. दात घासायच्या वस्तूनं दात घासा ना!"

ती बिचारी हसली, हात तोंडावर ठेवून. मग म्हणाली, "काल दुपारी पाळी लागली, सेन्योर. आज बारापर्यंत चेहरा दाखवायचाय. काल संध्याकाळपासून दाखवतेय. दर वेळी एकच म्हणतो, चेहरा जुळत नाही."

"कसा जुळेल? या काचेतून गाढव बघितलं तरी घोडं दिसेल." त्यानं नख फिरवलं. नख अडकलं नाही. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, आणि माझाही जीव भांड्यात पडला. "बसा. दहाच्या आत देतो. बारा वाजता तुम्ही निवाऱ्यात नाच करा."

ती माझ्या स्टुलावर बसली, पण नुसती टेकल्यासारखी. चिकटपट्ट्या लागल्या, पूड कालवली गेली, चकती फिरायला लागली. मी तिला कॉफी दिली आणि गोड पाव दिला. पाव ती कॉफीत बुडवून, मऊ करून, एका बाजूनं खात होती. दुसऱ्या बाजूचे दात गेले होते.

"कुठली गं तू?"

"ओलांचोची. होंडुरास."

"एकटी?"

"आता एकटी." मग तिनं सगळं सांगितलं. अशा बायका सांगतात. एरवी कुणी विचारलेलं नसतं. नवरा मेल्विन आणि मुलगा दानिलो असे तिघं निघाले होते. इथं आल्यावर त्यांना कुणीतरी शहाणपण शिकवलं की तिघांची नावं एकाच फोनवर घालू नका. दोन फोनवर घाला, म्हणजे दोनदा नशीब बघता येतं, ज्याची पाळी आधी लागेल त्याच्या मागून बाकीचे जातील. म्हणून नवऱ्याच्या फोनवर नवरा आणि मुलगा, आणि हिच्या फोनवर ही एकटी.

"त्यांची पाळी महिन्याभरात लागली," ती म्हणाली. "मग कळलं की मागून जाता येत नाही. नाव नाही तर जाता येत नाही. मेल्विन म्हणाला, सोडून देऊ ही पाळी. मीच म्हटलं, जा. पोराला घेऊन जा. माझी काय, पुढच्या महिन्यात लागेल."

"किती दिवस झाले?"

"गेल्या ईस्टरला गेले ते."

आता दुसरा ईस्टर जवळ आला होता. त्या शहाणपण शिकवणाऱ्याला मी मनातल्या मनात जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दानिलो आता सहा वर्षांचा. बाप ह्यूस्टनमध्ये छपरं घालायला जातो. पोरगा बापाच्या आतेबहिणीकडे असतो, शाळेत जातो. शाळा सुटली की तो फोन करतो, रोज, एकही दिवस चुकवत नाही. "म्हणतो, मम्मी, तू ढगात बसलीयस का गं? या काचेमुळं. मी म्हणते, हो, ढगात खूप गार आहे." ती हसली. "आज त्याला नीट दिसेन. काल त्याला सांगितलंय, मम्मीची पाळी लागली. तो आज बाईंनाही सांगणार आहे शाळेत."

चाबेला तिच्या दुकानाच्या दारात उभी राहून ऐकत होती. चाबेलाला ऐकल्याशिवाय राहवत नाही. "पलीकडे जाशील तेव्हा केस रंगवून जा बाई," ती म्हणाली. "नवरा वर्षभर एकटा आहे, त्याला जरा धक्का बसू दे."

"बसू दे," नोल्विया म्हणाली. खरंच खुशीत होती ती. सकाळी आली तेव्हा घाबरलेली होती, पण फोन फेर्मिनच्या हातात गेल्यावर निर्धास्त झाली. त्याच्या हातात फोन गेला की लोकांचं तसं होतं. त्याच्या चकतीचा आवाजच तसा आहे, बारीक, एकसारखा, सगळं आता ठीक होणार असं वाटायला लावणारा.

दहाच्या आधीच त्यानं फोन पुसून दिला. मी त्याचं काम किती वर्षं बघतेय, तरी मी तोंडात बोट घातलं. काच होती की नव्हती ते कळत नव्हतं. फेर्मिननं तिला बोळाच्या तोंडाशी, चांगल्या उजेडात उभं केलं, मागं चाबेलाचा पांढरा टॉवेल धरायला लावला. "गोलात चेहरा धरा. हलू नका. देवाचं नाव नंतर घ्या, ओठ हलतात."

तिनं चेहरा धरला. गोल फिरला. आम्ही तिघं तिच्या मागून वाकून बघत होतो.

चेहरा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा.

"उजेड समोरून हवा," फेर्मिन म्हणाला. तिला फिरवलं. पुन्हा. जुळत नाही. केस मागं घ्यायला लावले. जुळत नाही. घाम पुसला. जुळत नाही. फेर्मिननं फोन घेतला, डोळ्याजवळ नेला. "कॅमेऱ्याच्या बाजूला केसाएवढी एक रेघ राहिलीय. एवढीच. पंधरा मिनिटं द्या." परत चिकटपट्ट्या, परत पूड. ती या वेळी स्टुलावर बसली नाही. टेबलाचा कोपरा धरून उभी राहिली, आणि चकती थांबली की तिचा श्वासही थांबत होता.

ती रेघ गेली. चेहरा जुळला नाही.

"नाव घालताना दिलेला फोटो तरी कसा आहे?" मी विचारलं. "तोच अंधारातला असेल तर?"

"अंधारातला नाही. हाच आहे, मी जपून ठेवलाय." तिनं फोनमध्ये शोधून फोटो माझ्यासमोर धरला.

फोटोत एक मुलगी होती. गुबगुबीत गाल, गालाला खळी, कपाळावर काळ्याभोर केसांची बट, ओठ मिटून हसू दाबलेलं. मी चष्मा लावला. आणि माझ्या या जिभेला हाड नाही, ते काही आजचं नाही.

"ही कोण? धाकटी बहीण का तुझी? चुकून हिचाच फोटो दिलास की काय?"

चाबेलानं माझ्या दंडाला चिमटा काढला तेव्हा मला कळलं.

"मीच आहे ती," नोल्विया म्हणाली. "मला सत्तावीस पुरी व्हायचीत अजून."

टायफॉइडनं ती दोन महिने निवाऱ्याच्या चटईवर पडून होती, दात त्यातच ढिले झाले आणि एका डॉक्टरीण बाईनं ते काढून टाकले, नंतर ती मक्याच्या पिठाच्या गिरणीत पहाटेपासून उभी राहायची, हे सगळं तिनं पुढे सांगितलं. पण त्या क्षणी तिनं फोन उलटा फिरवला आणि पुढच्या कॅमेऱ्यातून स्वतःकडे बघायला लागली. निवाऱ्यातला आरसा कधीचा फुटला होता, आणि तिच्या काचेत तर इतके दिवस नुसतं धुकं दिसायचं. आता धुकं नव्हतं, आणि मघासारखं नुसत्या गोलाकडे बघायचंही नव्हतं. फेर्मिननं सगळं घासून काढलं होतं. तिनं गालाला हात लावला, कानाजवळचे केस ओढून पुढे आणले, परत मागं टाकले.

"हे कधी झालं?" तिनं विचारलं. कुणाला विचारलं कुणास ठाऊक.

फेर्मिननं तिच्या हातातून हळूच फोन घेतला. तो फोटोकडे बघत होता, मग तिच्याकडे, मग परत फोटोकडे. मग त्यानं चिकटपट्टीचं रीळ उचललं.

"अजून थोडं आहे," तो म्हणाला. "खालच्या बाजूला."

"भाऊजी, काच साफ आहे."

"नाही वहिनी. थोडं आहे अजून."

"काच साफ आहे, फेर्मिन!"

मी त्याला कधी नावानं हाक मारत नाही. तरी त्यानं पूड कालवली. पूड वाटीबाहेर सांडत होती. माझा दीर बाप वारला तेव्हा रडला नाही, भाऊ गेला तेव्हा रडला नाही. तो त्या स्वच्छ काचेवर चकती फिरवत बसला आणि मला त्याचा राग आला आणि त्याची दयाही आली. दुसरं काय करणार होता तो? त्याला तेवढंच येतं.

अकरा वाजून गेले होते. मी निवाऱ्याच्या वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, तक्रार लिहू आपण, पण उत्तराला महिने लागतात आणि पाळी तोवर थांबत नाही. अ‍ॅपच्या मदतीच्या नंबरवर नुसतं संगीत वाजत राहिलं.

"रडायला वेळ नाही," चाबेला म्हणाली. "आण तो फोटो इकडे. माझ्या खुर्चीत बस."

चाबेला चहाटळ आहे, पण तिच्या हातात कसब आहे. तिनं फोटो आरशाला टेकवून ठेवला आणि कामाला लागली. पिकलेल्या केसांवर काळा रंग फासला, तशीच बट कपाळावर आणली, भुवया भरल्या. मग कापसाचे बोळे केले. "आ कर. गालात धर. जिभेनं ढकलू नकोस." दोन्ही गालांत कापूस गेला. मी डोळ्यांखाली पावडर लावली. खळीसाठी चाबेलानं पेन्सिलीनं एक सावली काढली. तिकडं नोल्विया आरशात बघून ओठ मिटून हसायचा प्रयत्न करत होती, त्या फोटोतल्यासारखं. तिला स्वतःचंच हसू जमत नव्हतं. "किंचित कमी," चाबेला म्हणायची. "आता जरा जास्त. तेव्हा कशाला हसलीस तू?"

"दानिलो समोर उभा राहून वाकुल्या दाखवत होता," ती कापसातून म्हणाली.

मग चाबेलानं वाकुल्या दाखवल्या. मी दाखवल्या. माझ्यासारखी म्हातारी त्या बोळात जीभ काढून, कान धरून उभी होती, आणि शेजारचे बेल्टवाले आम्हाला वेड लागलं असं समजून बघत होते. बघू देत.

तिनं चेहरा धरला. या वेळी गोल फिरत राहिला. आधी इतका वेळ कधी फिरला नव्हता. फेर्मिन उठून उभा राहिला. मी माता मारियेला म्हटलं, एवढं कर, वर्षभर तुला काही मागणार नाही.

चेहरा जुळत नाही.

त्यानंतर जे जे सुचेल ते आम्ही केलं. कापूस वाढवला, कमी केला. फेर्मिननं तर शेवटी कमालच केली. ज्या काचेवर त्यानं सकाळपासून जीव काढला होता, तिच्यावर बोटानं व्हॅसलिन फासलं. "धुरकट दिसलं तर सुरकुत्या जातील," म्हणाला. फोननं चेहराच ओळखला नाही, उजेड वाढवा म्हणाला. त्यानं ते परत पुसलं. तीन तीन माणसं एका बाईला तिच्यासारखी करायला धडपडत होती. शेवटी हात टेकले.

बारा वाजता फोन थरथरला. पाळी गेली, एवढंच लिहिलं होतं, आणि खाली, आपण पुन्हा सोडतीत भाग घेऊ शकता. खाली एक हसरा चेहराही होता. तो चेहरा ज्यानं घातला त्याला माझ्या टेबलाशी एक दिवस आणून बसवायला हवं.

नोल्वियानं गालातला कापूस काढला आणि रुमालात नीट गुंडाळून ठेवला. इतर काही करण्यासारखं नसलं की माणूस असंच काहीतरी नीट करतो. खळीची सावली अर्धी पुसली, अर्धी गालावर पसरली.

"नवीन नाव घाल," फेर्मिन म्हणाला. "आत्ताच घाल. आजचा फोटो दे. काच स्वच्छ आहे, फोटो छान येईल. मग जुळेलच."

"आणि पाळी लागेल तेव्हा?" तिनं विचारलं. "तोवर हा चेहरा तरी राहील का, सेन्योर?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला, हाडं लागली. मी म्हटलं, जेवून जा, डाळ आहे, भात आहे. ती नको म्हणाली, पण उठलीही नाही. फोन मांडीवर ठेवून बसली. गिऱ्हाइकं आली, मी दोन कव्हरं विकली. फेर्मिन टेबल पुसत होता. पुसलेलंच टेबल पुसत होता.

फोन वाजला तेव्हा एक वाजून गेला होता. ह्यूस्टनमध्ये तेव्हा तीन वाजून गेलेले असतात, शाळा सुटली असणार. तिनं काही विचार न करता, रोजच्या सवयीनं फोन उचलला आणि समोर धरला.

मी तिच्या खांद्यामागून बघत होते. पाठीला दप्तर लावलेला, पुढचा एक दात पडलेला मुलगा, पडद्यात इतका जवळ आणि इतका स्वच्छ की त्याच्या नाकावर आलेला घाम दिसत होता. नोल्विया त्याच्याकडे बघत राहिली. तिनंही त्याला इतक्या दिवसांत नीट बघितलं नव्हतं. हॅलो म्हणायचंही ती विसरली.

मुलगा फोनमध्ये निरखून बघत होता. हसला नाही. त्यानं कपाळाला आठी घातली, मग शाळेत शिकवलेल्या पोरानं बोलावं तसं अदबीनं म्हणाला, "दोन्या, माझ्या मम्मीला फोन द्या ना."

फेर्मिनचा हात टेबलावर थांबला.

मला वाटलं ती आता ओरडेल, किंवा फोन टाकून देईल. तिनं तसं काही केलं नाही. तिनं अंगठा उचलला आणि पुढच्या कॅमेऱ्यावर, त्या लखलखीत काचेवर, घट्ट दाबून धरला. मुलाच्या पडद्यावर अंधार झाला असणार. मग ती अगदी मोकळ्या, हसऱ्या आवाजात म्हणाली, "बोल रे राजा, आले मी."

"मम्मी!" तो ओरडला. "तू कुठं होतीस? मला काहीच दिसत नाही."

"फोन दुरुस्तीला दिला होता ना. अजून बिघडलेलाच आहे थोडा."

"मघाशी कोण होत्या त्या?"

"इथल्याच एक बाई. दुकानातल्या." अंगठ्याचं नख दाबून पांढरं पडलं होतं. "तू जेवलास का?"